राज्यसेवेचा अभ्यास: आधी प्रश्नपत्रिका, मग पुस्तक

राज्यसेवेच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अधिकारी भरती परीक्षेच्या, अभ्यासासाठी पुण्याच्या पेठेत नव्याने आलेल्या मुलाचा पहिला आठवडा साधारण ठरलेला असतो. सदाशिव किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा, कोपऱ्यावरची मेस, जिन्यात चपलांचा ढीग असलेली अभ्यासिका आणि अप्पा बळवंत चौकातून रिक्षात घालून आणलेली पंधरा-वीस पुस्तकं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मात्र पूर्वपरीक्षेला दीड महिना उरला की उघडतात. ‘आधी वाचून तर होऊ दे’ हे कारण असतं, आणि गाडी रुळावरून घसरते ती इथेच.

२०२५च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पूर्वी वाचलेलं ओळखता आलं तरी भागायचं, आता ते लिहिता यावं लागतं. तरीही बहुतेकांचा अभ्यास जुन्याच वळणाने चालू आहे. खालचा क्रम राज्यसेवेसाठी आहे, यूपीएससीला फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. आयोगाच्याच संयुक्त गट ब आणि गट क यांच्या मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ (पर्याय निवडायच्या) आहेत, त्या देणाऱ्यांनी टप्पा ४, ५ आणि ७ सोडून बाकीचं घ्यावं.

आधी हे आकडे भिंतीवर लावा

पूर्वपरीक्षा: सामान्य अध्ययन १०० प्रश्न, २०० गुण. सीसॅट (उतारे, तर्क आणि गणित यांचा पेपर) ८० प्रश्न, २०० गुण. दोन्हींना दोन-दोन तास. सीसॅट फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. मुख्य परीक्षेला कोण जाणार हे सामान्य अध्ययनाच्या गुणांवर ठरतं आणि पूर्वचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत.

मुख्य परीक्षा: मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण केवळ पात्रतेचे (२५ टक्के, म्हणजे ७५). गुणवत्तेला धरले जातात ते निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५० आणि वैकल्पिक (स्वतः निवडलेल्या) विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. झाले १७५०. मुलाखत २७५. एकूण २०२५.

आता स्वतःच्या गेल्या महिन्याचे तास या आकड्यांशेजारी मांडा. चालू घडामोडींच्या मासिकांवर ७० तास आणि वैकल्पिकच्या ५०० गुणांवर ४ तास, असलं काहीतरी निघतं.

## टप्पा १: कागदपत्रं, जाहिरात येण्याआधी

हा कंटाळवाणा भाग अभ्यासाच्या आधी उरकायचा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रडतो आणि सेतू केंद्रात रांग लागते.

दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस, दिव्यांग किंवा खेळाडू आरक्षणाचं प्रमाणपत्र. नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस मुदतीचे असतात. जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते वैध असायला हवेत, ‘काढायला टाकलंय’ चालत नाही. शिवाय बहुतेकांचा दाखला गावाकडच्या तालुक्यातूनच निघतो. पुण्यात बसून वडिलांना फोनवर कागद सांगण्यापेक्षा दिवाळीत घरी गेल्यावर काम करून या.

आयोगाच्या संकेतस्थळावरच्या खात्यात जे दावे नोंदवाल तेच अर्जात उतरतात. अर्ज गेल्यावर दावा बदलणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी अर्जाची प्रत एकदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

तपासा: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि खात्यातलं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का? लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत आत्ताच काढून ठेवा.

बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजनांसाठी वेगळी चाळणी परीक्षा असते, तिच्या तारखा राज्यसेवेच्या वेळापत्रकाशी बांधलेल्या नसतात. पात्र असाल तर त्यांच्या संकेतस्थळांवर महिन्यातून एकदा नजर टाका. पुण्याचा खोलीभाड्याचा खर्च पाहता हे दुर्लक्ष परवडणारं नाही.

## टप्पा २: प्रश्नपत्रिका, सोडवायला नव्हे, चिरायला

आयोगाच्या संकेतस्थळावरून गेल्या सहा ते आठ वर्षांच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्या. ‘अंतिम’ हा शब्द महत्त्वाचा. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, उमेदवारांच्या हरकती घेतो, मग काही उत्तरं बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. बाजारातल्या प्रश्नसंचांत अनेकदा पहिल्या तालिकेतलीच उत्तरं छापलेली राहतात. चुकीचं उत्तर स्पष्टीकरणासकट पाठ झालं की ते डोक्यातून काढायला दुप्पट वेळ जातो.

आता काम असं करा:

१. अभ्यासक्रमाची एकच प्रत, एका बाजूला छापलेली, समास मोठा ठेवून घ्या.

२. एक विषय घ्या, समजा राज्यव्यवस्था. सगळ्या वर्षांचे त्या विषयाचे प्रश्न सलग वाचा. उत्तर येत नसलं तरी वाचा.

३. प्रत्येक प्रश्न अभ्यासक्रमातल्या ज्या मुद्द्यात बसतो त्याच्यासमोर वर्ष आणि प्रश्न क्रमांक लिहा.

४. कोणत्याच मुद्द्यात न बसणारे प्रश्न मागच्या पानावर. ते किती आहेत हे पाहिल्यावर ‘आयोग काहीही विचारतो’ ही तक्रार बरीचशी शांत होते.

एका विषयाला दोन दिवस धरा. पंधरवड्यात सगळे विषय होतात. आपण पंधरा दिवस काहीच वाचलं नाही, असं वाटून जीव कासावीस होईल, तरी थांबू नका. याचा उपयोग नेमका काय होतो ते एका उदाहरणात पाहू.

विधान परिषदेची रचना, कलम १७१. पुस्तकात हा परिच्छेद दोन मिनिटांत वाचून होतो: एक तृतीयांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, एक तृतीयांश विधानसभा सदस्यांकडून, एक द्वादशांश पदवीधर, एक द्वादशांश शिक्षक, उरलेले राज्यपालनियुक्त. वाचणारा ‘आलं’ म्हणून पान उलटतो. आधी प्रश्न पाहिलेला माणूस इथे थांबतो, कारण अपूर्णांकांची अदलाबदल करून जोड्या लावायला देतात हे त्याला माहीत असतं. तो महाराष्ट्राचे आकडे शोधतो: एकूण ७८, त्यात विधानसभेकडून ३०, स्थानिक संस्थांकडून २२, पदवीधर ७, शिक्षक ७, राज्यपालनियुक्त १२. मग त्याच्या लक्षात येतं की ७८चा एक तृतीयांश २६ होतो, इथे तर ३० आणि २२ आहेत. कलमातला ‘शक्य तितक्या जवळ’ या अर्थाचा शब्दप्रयोग कशासाठी आहे, हे त्याला या घटकेला कळतं. ते पुन्हा विसरणं अवघड.

चूक कुठे होते: प्रश्नपत्रिका ‘शेवटी सोडवायला राखून’ ठेवण्यात. त्या शिल्लक ठेवायची गरज नाही. वेळ लावून सोडवायला फक्त शेवटच्या दोन वर्षांच्या न चिरता बाजूला ठेवा, बाकीच्या आत्ताच वापरा.

## टप्पा ३: पुस्तकं कमी, पानं सुटी

पाया म्हणजे एनसीईआरटीची सहावी ते बारावीची पुस्तकं आणि बालभारतीची राज्य मंडळाची पुस्तकं. बालभारतीची संकेतस्थळावर मोफत मिळतात. महाराष्ट्राच्या भूगोलाला आणि इतिहासाला राज्य मंडळाच्या पुस्तकांशिवाय गत्यंतर नाही. त्यावर प्रत्येक विषयाला एकच प्रमाण संदर्भ. दुसरं पुस्तक फक्त अभ्यासक्रमातला एखादा मुद्दा पहिल्यात सापडलाच नाही तर, आणि त्या मुद्द्यापुरतंच.

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते. आकडे नव्या पाहणीतूनच घ्यायचे. गेल्या वर्षीच्या टिपणांतले राज्य उत्पन्नाचे किंवा सिंचनाचे आकडे तसेच पुढे नेणारे बरेच असतात, म्हणून टिपणात प्रत्येक आकड्याशेजारी कंसात वर्ष टाका.

टिपणं काढण्याचे नियम थोडे कडक ठेवा:

- पहिल्या वाचनात टिपणं नाहीत. पहिल्यांदा वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पुस्तक वहीत उतरतं.
- दुसऱ्या वाचनानंतर अभ्यासक्रमाच्या एका मुद्द्याला एक सुटं पान. बांधीव वही नको, कारण सहा महिन्यांनी त्याच मुद्द्याची बातमी आली तर ती मध्ये घालता येत नाही.
- पानाचा उजवा तिसरा भाग कोरा. तिथे पुढे चालू घडामोडी, समित्या, निकाल यांची एकेक ओळ.

वर्तमानपत्राला ४५ मिनिटं, घड्याळ लावून. अभ्यासिकेत पेपर दीड तास चालतो आणि त्यातला तासभर राजकारण असतं. ‘कोण काय म्हणालं’ सोडून द्या. कायदा, निकाल, योजना, अहवाल, निर्देशांक एवढंच पाहा.

सावध: टिळक रोडला किंवा शास्त्री रोडला झेरॉक्सच्या दुकानात ‘निवड झालेल्यांच्या नोट्स’ मिळतात. त्या वाईटच असतात असं नाही. पण त्या मुळात कुणाच्या तरी स्मरणखुणा असतात, मागचं वाचन त्या माणसाच्या डोक्यात होतं, तुमच्या नाही.

## टप्पा ४: वैकल्पिक विषय

५०० गुणांचा निर्णय चहाच्या टपरीवर घेतला जातो, हे दुर्दैव. निकष तीनच: पदवीला किंवा आवडीने तो विषय थोडाफार वाचलाय का, ज्या माध्यमात लिहिणार त्या माध्यमात त्याचं साहित्य मिळतं का, आणि मागच्या यूपीएससीच्या त्या विषयाच्या पेपरमधले दहा प्रश्न वाचून निदान चारांबद्दल कुतूहल वाटतं का. ‘यंदा अमक्या विषयाला मार्क सुटले’ हा निकष नाही.

दोन विषयांचे पेपर आणून आठवडाभर दोन्हींचं एकेक प्रकरण वाचा, मग ठरवा. एकदा ठरवलं की पूर्वपरीक्षेच्या आधी पहिला पेपर पूर्ण आणि दुसरा निम्मा झाला पाहिजे. पूर्व ते मुख्य या मधल्या काळात वैकल्पिक नव्याने सुरू करणाऱ्याचे सामान्य अध्ययनाचे चार पेपर अर्धवट राहतात.

## टप्पा ५: उत्तर लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. ‘अभ्यास झाल्यावर लिहायला घेऊ’ असं म्हणणाऱ्याचा अभ्यास कधीच होत नसतो. पहिला विषय वाचून संपला त्या आठवड्यात लिहायला बसा.

### वेळेचा हिशेब

यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरचा साचा सरावाला धरा: तीन तास, २० प्रश्न, त्यातले १० प्रश्न १० गुणांचे (१५० शब्द) आणि १० प्रश्न १५ गुणांचे (२५० शब्द). १८० मिनिटांत पहिल्या दहांना ७ मिनिटं प्रत्येकी आणि दुसऱ्या दहांना साडेदहा मिनिटं दिली तर १७५ होतात. श्वास घ्यायला पाच मिनिटं उरली.

साडेदहा मिनिटांतली दीड मिनिटं विचाराला. उरलेल्या नऊ मिनिटांत २५० शब्द म्हणजे मिनिटाला जवळजवळ २८ शब्द, तेही तीन तास. कीबोर्डची सवय लागलेल्या हाताला हे झेपत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना एक सवलत आहे: आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजीत २५० शब्दांत मावणारा मजकूर मराठीत २००-२२० शब्दांत बसतो. शब्दसंख्या भरायला पाणी घालू नका.

हस्ताक्षराबद्दल एक बारीक गोष्ट. प्रत्येक शब्दावर वेगळी शिरोरेघ मारायला हात दर वेळी उचलावा लागतो. ओळ पूर्ण लिहून शब्दागणिक झटपट रेघा ओढणं किंवा आखूड रेघ देणं, यातलं जे वाचनीय राहील ते आत्ताच ठरवा आणि त्याचा सराव करा. शिरोरेघ पूर्ण गाळलेलं अक्षर परीक्षकाला त्रास देतं. भ आणि म, ध आणि घ यांत गल्लत होते.

### प्रश्नाचं क्रियापद वाचा

‘स्पष्ट करा’ म्हणजे काय आणि कसं ते उलगडा, मत नको. ‘चर्चा करा’ म्हणजे दोन्ही बाजू. ‘परीक्षण करा’, ‘तपासा’ म्हणजे कारणांच्या मुळाशी जा. ‘चिकित्सक’ हा शब्द आला की दोष आणि गुण तोलून एका निष्कर्षाला या. ‘मूल्यमापन करा’ म्हटलं तर कोणत्या निकषावर तोलताय ते आधी सांगा. कोणताही प्रश्न आला तरी ‘प्रस्तावना, वैशिष्ट्ये, फायदे, तोटे, उपाय’ ही पाचकलमी माळ ओढणारी उत्तरं परीक्षकाला पहिल्या ओळीत ओळखू येतात.

### एक उत्तर जवळून

सरावाचा प्रश्न घेऊ: ‘महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या आर्थिक परावलंबनाची कारणे तपासा आणि उपाय सुचवा.’ १५ गुण.

नेहमीची सुरुवात अशी असते: ‘भारत हा खेड्यांचा देश आहे. महात्मा गांधीजींनी ग्रामस्वराज्याचे स्वप्न पाहिले होते. प्राचीन काळापासून आपल्याकडे पंचायत व्यवस्था अस्तित्वात आहे…’ चाळीस शब्द गेले, दीड मिनिट गेलं, प्रश्नातला ‘आर्थिक’ हा शब्द अजून आलेला नाही.

त्याऐवजी: ‘७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीतील २९ विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. मात्र अधिकार आणि कर किती द्यायचे हे कलम २४३-जी व २४३-एच यांनी राज्य विधिमंडळावर सोडले. परिणामी कामे वाढली, स्वतःचे उत्पन्न मात्र वाढले नाही.’ तीन वाक्यांत संदर्भ आला, कायदा आला आणि उत्तर कुठे चाललंय तेही कळलं.

पुढे कारणं. प्रत्येक कारणाची पहिली ओळ मुद्दा, दुसरी ओळ पुरावा किंवा कार्यकारण:

- स्वतःचं उत्पन्न मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. वसुली करायची ती ज्यांच्या मतांवर निवडून यायचं त्यांच्याकडूनच, म्हणून थकबाकीकडे काणाडोळा. करआकारणीची फेरतपासणीही रखडते.
- येणारा निधी हवा तिथे वापरता येत नाही. १५व्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, ४० टक्के अबंधित.
- राज्य वित्त आयोगाच्या (कलम २४३-आय) शिफारशी शासनावर बंधनकारक नाहीत.
- लहान ग्रामपंचायतींचा करपायाच तोकडा. औद्योगिक पट्ट्यातल्या गावाची आणि डोंगरी गावाची तुलना एका ओळीत.

उपाय कारणांनाच जोडलेले हवेत. चार कारणं सांगून उपायांत ‘जनजागृती करावी, लोकसहभाग वाढवावा’ असं लिहिलं तर परीक्षकाला दोन वेगळी उत्तरं वाचल्यासारखं वाटतं. वसुलीच्या कारणासमोर ठरावीक काळाने फेरआकारणी आणि वसुलीशी जोडलेलं प्रोत्साहन अनुदान, बंधित निधीसमोर अबंधित हिस्सा वाढवणं, असं समोरासमोर बसवा.

शब्दांची वाटणी: सुरुवात ३५, कारणं १२०, उपाय ५०, शेवट १५. शेवट म्हणजे सुविचार नव्हे. या प्रश्नाला ‘अधिकारांइतकाच निधीही खाली गेला, तरच २४३-जीचा हेतू पुरा होईल’ एवढं पुरतं.

### सरावाची चढण

पहिला महिना: रोज एक उत्तर, पुस्तक उघडं ठेवून, वेळेचं बंधन नाही. रचना शिकायची आहे, आठवण तपासायची नाही. दुसरा महिना: रोज दोन, पुस्तक बंद, प्रत्येकी १५ मिनिटं. तिसरा महिना: सलग चार उत्तरं ४० मिनिटांत. पुढे आठवड्यातून एकदा पूर्ण तीन तासांचा पेपर, मध्ये न उठता. पूर्वपरीक्षेच्या आधीचे दोन महिने हे प्रमाण आठवड्याला तीन उत्तरांवर आणा, पण शून्यावर नको, हात विसरतो.

तपासणार कोण? महागडी चाचणीमालिका नसली तरी चालेल. अभ्यासिकेतला एक जोडीदार पकडा, वह्या बदला आणि पाचच गोष्टी पाहा: प्रश्नाचे सगळे उपभाग आले का, पहिल्या दोन ओळींत विषयाला हात घातला का, प्रत्येक मुद्द्यामागे आधार आहे का, महाराष्ट्राचं उदाहरण आहे का, वेळेत संपलं का. मग तीन दिवसांनी तेच उत्तर पुन्हा लिहा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. शेरे वाचून वही मिटली की पुढच्या उत्तरात तीच चूक.

सावध: यूपीएससीच्या उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाला जागा ठरलेली असते. सराव कोऱ्या ताव कागदावर केला की हात पसरट होतो. पानं आखून, मर्यादा ठेवूनच लिहा.

मराठी आणि इंग्रजीचे पात्रता पेपर: ७५ गुण नाही मिळाले तर बाकीचे पेपर तपासण्याचा प्रश्नच येत नाही. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी मराठी सारांशलेखन आणि भाषांतर, मराठी माध्यमवाल्यांनी इंग्रजी निबंध, असं उलटं लक्ष द्या. महिन्याला प्रत्येकी एक पूर्ण पेपर बास.

## टप्पा ६: पूर्वपरीक्षेचे शेवटचे शंभर दिवस

### अंदाजाचं गणित

राज्यसेवेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण जातात, यूपीएससीत एक तृतीयांश. सामान्य अध्ययनात बरोबर उत्तराला २ गुण, म्हणजे राज्यसेवेत चुकीला अर्धा गुण, यूपीएससीत पाऊण गुणाला थोडा कमी. हिशेब केला तर राज्यसेवेत अंदाजाने सोडवलेल्या पाचांपैकी एक बरोबर आला तरी नुकसान नाही. यूपीएससीत चारांपैकी एक बरोबर यावा लागतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दोन्हीकडे अंदाज फायद्याचा.

कागदावर हे सरळ आहे. अडचण अशी की अर्धवट माहिती असलेल्याचा अंदाज पुष्कळदा नाणेफेकीपेक्षाही वाईट असतो, कारण चुकीचा पर्याय अर्धवट माहिती असलेल्यालाच ओळखीचा वाटेल असा घडवलेला असतो. म्हणून दुसऱ्याचा सल्ला घेऊ नका, स्वतःचं मोजा. दहा सराव पेपरांत प्रत्येक प्रश्नाशेजारी खूण करा: ‘ख’ खात्री, ‘द’ दोन पर्यायांत अडकलो, ‘अ’ निव्वळ अंदाज. शेवटी ‘द’ आणि ‘अ’चे किती बरोबर आले ते मोजा. तुमचे ‘अ’ शंभरात अठराच येत असतील तर ते सोडायचे, बावीस येत असतील तर राज्यसेवेत मारायचे आणि यूपीएससीत सोडायचे.

### चुकांची वही

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची एक ओळ: मुद्दा, चुकीचं कारण, काय करायचं. कारणं चारच ठेवा: माहीत नव्हतं, अर्धवट आठवलं, प्रश्न चुकीचा वाचला, उगाच धाडस केलं. नमुना: ‘राज्यपालांचा कार्यकाळ. पाच वर्षे “निश्चित” हे विधान बरोबर धरलं. अर्धवट. कलम १५६: राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत.’

तिसरं कारण बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त निघतं. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही’ असल्या प्रश्नात घाई नडते. ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘फक्त’, ‘सर्व’ या शब्दांना पेनाने गोल करायची सवय सराव पेपरांतच लावून घ्या.

### पेपर सोडवण्याचा क्रम

पहिली फेरी ४५ मिनिटं, फक्त ‘ख’. दुसरी फेरी ४५ मिनिटं, ‘द’. उरलेल्या अर्ध्या तासात ‘अ’ आणि पडताळणी. उत्तरपत्रिकेवरचे गोल मात्र फेरी संपल्यावर एकदम भरू नका, प्रश्नपुस्तिकेचं पान उलटताना त्या पानाचे भरा. शेवटच्या दहा मिनिटांत शंभर गोल भरणाऱ्याचा एक प्रश्न सरकला की पुढची सगळी रांग सरकते.

तपासा: न सोडवलेल्या प्रश्नाचं उत्तरपत्रिकेवर काय करायचं, ही सूचना त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेवर आणि आयोगाच्या सूचनांत अक्षरशः वाचा. गेल्या वेळचं गृहीत धरू नका. सराव त्याच नमुन्याच्या उत्तरपत्रिकेवर करा.

## टप्पा ७: सीसॅट

६६ गुण. एका प्रश्नाला अडीच गुण. राज्यसेवेत ४० प्रश्न सोडवून ३० बरोबर आणि १० चूक आले तर ७५ वजा ६.२५, म्हणजे ६८.७५. सुटलात. ऐंशीच्या ऐंशी सोडवायचा हट्ट नको. उतारे बरे जात असतील तर आधी ते, गणित बरं असेल तर आधी ते. मराठी उतारा अनुवादामुळे बोजड वाटला तर शेजारचा इंग्रजी पाहा.

कला शाखेच्या मुलांनी आठवड्याला दोन तास पहिल्या महिन्यापासून. ‘पात्रतेचाच तर आहे’ म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलणाऱ्याला पेपर एकमध्ये कितीही गुण पडले तरी उपयोग नाही. सराव दुपारीच करा, पहिला पेपर देऊन जेवल्यानंतर, कारण खरा पेपरही तेव्हाच असतो.

## टप्पा ८: शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस

नवीन काही नाही. सुटी पानं, चुकांची वही, नकाशे.

मुक्काम पेठेत असेल तर आवाजाचा बंदोबस्त आधीच करा. गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे नदीकाठी ढोल-ताशाचा सराव चालू असतो आणि विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोडच्या आसपास अभ्यास होत नाही. ते दिवस घरी जायला किंवा उपनगरातल्या मित्राकडे राहायला धरून ठेवा. कापसाच्या बोळ्यांनी ढोल थांबत नाही.

प्रवेशपत्र आलं की केंद्र नेमकं कुठे आहे ते आदल्या दिवशी जाऊन पाहा. ‘पुणे’ म्हणजे हडपसर, वाघोली, निगडी काहीही असू शकतं, आणि एकाच संस्थेच्या दोन शाखा दोन टोकांना असतात. परीक्षा रविवारी असते, बसच्या फेऱ्या कमी असतात. काळ्या शाईची तीन बॉलपेनं, मूळ ओळखपत्र आणि त्याची प्रत, साधं घड्याळ चालतं का ते प्रवेशपत्रावर वाचून.

पहिल्या पेपरनंतर जिन्यात उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यापासून लांब राहा. तीन चुका कळल्या तर सीसॅटचे तीन उतारे हातचे जातात. डबा हलका, दही-भात किंवा पोळी-भाजी. मिसळ संध्याकाळी.

पहिली उत्तरतालिका आली की आपले गुण काढा, पण तिच्यावर अंतिम हिशेब मांडू नका. एखाद्या उत्तरावर खात्रीने हरकत असेल तर दिलेल्या मुदतीत आयोगाच्या संकेतस्थळावरून नोंदवा, सोबत प्रमाण ग्रंथाचं किंवा शासकीय प्रकाशनाचं ते पान स्कॅन करून. क्लासच्या नोटचा आधार धरला जात नाही. निकालाची वाट बघत गावाला महिनाभर जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चार दिवस जा, पाचव्या दिवशी वैकल्पिकचा राहिलेला निम्मा पेपर उघडा आणि रोजची दोन उत्तरं पुन्हा सुरू करा.